पैठणला ठरलेली चौथ



पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळ, कचनेर, शिर्डी फिरवतो. पैठण मात्र जेमतेम 50 किलोमीटरवर असून राहूनच जातं. फार तर पैठणी घेण्यापुरतं किंवा जायकवाडीचं धरण बघायला जाणं होतं. नाथमहाराजांचं गाव एवढीच माझीही ओळख होती.

गोदाकाठचं हे गाव म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल गाड्यांवर लादून थेट भडोच बंदरात जात असे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त या नगरीवर स्वतंत्र कल्प लिहिला. आजही इथे मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं दिगंबर अतिशय क्षेत्र आहे.

पण मला ओढ होती ती एका कथेची. माझं माहेर स्थानकवासी, तिथे संवत्सरी पंचमीला. सासर मंदिरमार्गी, इथे चौथीला. असं का?

निशीथचूर्णीतली कथा अशी. कालकाचार्य प्रतिष्ठानला आले. भाद्रपद शुद्ध पंचमीलाच नगरात इंद्रमहोत्सव असे. सातवाहन राजाने विनंती केली, “पर्युषण षष्ठीला करावं.” आचार्य म्हणाले, “पंचमी ओलांडता येणार नाही.” “मग चौथीला?” ते त्यांना मान्य झालं. ती चौथ बहुतेक मंदिरमार्गी आजही पाळतात. स्थानकवासींनी पंचमीच ठेवली. दिगंबरांचं दशलक्षण पर्वही पंचमीलाच सुरू होतं.

देवळात दर्शन करून आम्ही घाटावर बसलो. डब्यातला खाकरा आणि मुगाची कोरडी उसळ खाल्ली. सूर्यास्ताआधी घरी पोचायचं होतं. पण माझं मन त्या एका वाक्यात अडकलं होतं. दिवस अलीकडे घेता येतो, पुढे ढकलता येत नाही.

वहिनीशी माझा वर्षभर अबोला होता. आईच्या दागिन्यांवरून काहीबाही बोलणं झालं होतं. माझ्या चौथीला तिचा फोन आला नाही, तिच्या पंचमीला मी केला नाही. दोघींनाही तिथीचं निमित्त बरं सापडलं होतं.

यंदाच्या संवत्सरीला अजून आठवडा होता. घाटावरूनच फोन लावला. “वहिनी, मिच्छामि दुक्कडम्.”

ती म्हणाली, “अगं, अजून वेळ आहे ना?”

म्हटलं, “आधी चालतं. उशीर चालत नाही.”

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “जेवलात का तुम्ही सगळे?”

पुढच्या खेपेला तिलाही पैठणला नेणार आहे.