गाडी उलटी करून पाहा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा कमिटीचा आग्रह. माझा इतिहास एका काचेच्या कपाटात मावतो. घरी आलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला आहे: डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून केलेल्या, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची छोटी मॉडेल्स. "काका, एकेकीची किंमत किती?" हा ठरलेला प्रश्न. मी सांगतो, आधी गाडी उलटी करून पाहा. कंपनी, मॉडेल, देश, सगळं बहुधा पोटावरच कोरलेलं असतं.

सुरुवात इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची. फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो कंपनी खेळण्यातल्या रेल्वे बनवायची. त्या रेल्वेशेजारी मांडायला १९३३ च्या अखेरीस कंपनीने सहा चिमुकली वाहनं काढली. त्यात ट्रॅक्टर होता, रणगाडा होता, पण यादीत पहिली होती उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. १९३४ मध्ये या वाहनांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं. संग्राहकांचं १:४३ हे आवडतं प्रमाणही रेल्वेचीच देणगी. त्या रेल्वेत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. हिशेब केला की उत्तर येतं साधारण १:४३.

पहिल्या गाड्या शिशाच्या होत्या. मग जस्ताचा मिश्रधातू आला, आणि तिथेच मेख होती. त्या जस्तात शिशाचा थोडासा अंश मिसळला, तरी धातू आतून कुजतो. वरून रंग ठीक दिसतो, पण काही वर्षांनी तडे जातात, गाडी फुगते आणि शेवटी बिस्किटासारखी चुरते. यावर औषध नाही. कोरड्या जागी ठेवलं तर जरा उशीर होतो, एवढंच. दुसऱ्या महायुद्धाआधीची धडधाकट डिंकी म्हणून दुर्मिळ.

स्पोर्ट्स गाड्यांची खरी बहार पन्नाशीच्या दशकात आली. डिंकीने एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, सनबीम आणि अ‍ॅस्टन मार्टिन अशा पाच गाड्या दोन-दोन रूपांत काढल्या: एक शर्यतीची, अंगावर नंबर आणि आत पांढऱ्या कपड्यांतला ड्रायव्हर, दुसरी साधी, फिरायला जायची. १९५६ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीहून 'कॉर्गी' बाजारात उतरली, तीही खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक लावून. तोवर खेळण्यातल्या गाड्यांच्या खिडक्या म्हणजे नुसती भोकं! १९६५ मध्ये कॉर्गीने जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन काढली. बटण दाबलं की छप्पर उघडून शेजारचा माणूस बाहेर उडतो. सिनेमातली गाडी चंदेरी, खेळण्यातली मात्र सोनेरी. चंदेरी गाडी बिनरंगाची वाटेल, म्हणून तसं केलं असं म्हणतात.

१९६८ मध्ये अमेरिकेतून सुसाट पळणाऱ्या 'हॉट व्हील्स' आल्या आणि पोरांना वेग हवासा झाला. पुढे लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, १९८२ मध्ये 'मॅचबॉक्स'वाली लेस्नी कंपनी बुडाली, १९८३ मध्ये कॉर्गीवाली मेटॉय. चार वर्षांत तिन्ही ताळेबंद मिटले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचताना चुटपुट लागतेच.

यात आपल्या देशाचंही एक पान आहे. डिंकीचे निवृत्त साचे साठीच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आले आणि तिथे 'निकी टॉइज' तयार होऊ लागल्या. ऐंशीच्या दशकात माझी कोलकात्याला बदली झाली होती. तिथल्या एका फुटपाथवर मला निकीची जग्वार ई-टाइप मिळाली, पंधरा रुपयांत. रंग जाडसर, कडा ओबडधोबड, पण अंग तेच, लिव्हरपूलचं. आज परदेशातले संग्राहक इंग्लिश गाड्यांबरोबर या निकीही शोधत असतात.

आता किमतीचं. मूळ खोका असेल तर भाव कितीतरी चढतो. कधी खोकाच गाडीपेक्षा महाग पडतो. रंग उडाला म्हणून नवा दिला, की भाव उतरलाच. थोडक्यात, ज्या गाडीशी कोणी खेळलंच नाही, ती सगळ्यात मोलाची. मला हे पटत नाही. माझ्या कपाटातल्या टवके उडालेल्या ट्रायम्फवर कुणा मुलाने दाभणाने आपलं आद्याक्षर कोरलंय. बाजारात तिला भाव नाही. मी ती मधल्या कप्प्यात ठेवली आहे.

माझी दोन्ही मुलं बाहेरगावी, त्यांना यात गोडी नाही. तक्रार नाही. मी एक वही केली आहे: गाडी कुठली, कधी, कोणाकडून, कितीला घेतली. नोंद नसेल तर माझ्यानंतर उरेल ते किलोवारी विकायचं भंगार.

शेवटी एक विनंती. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, आता माळे आवरले जातात, मुलांची जुनी खेळणी पोत्यात भरून भंगारवाल्याकडे जातात. द्यायच्या आधी धातूची गाडी दिसली, तर उलटी करून पाहा. पोटावर डिंकी, कॉर्गी किंवा निकी वाचलंत, तर तिला घासू नका, रंगवू नका. कुणाची होती, कुठून आणली, ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. वाचता आलं नाही, तर रविवारी सकाळी माझ्याकडे या. भिंग माझ्याकडे आहे, चहाही होईल.