पॅकिंगची धूळ

मंडळी, आज ना ऊसदर, ना निवडणूक. आज इंजिनाच्या पॅकिंगवर लिहायचंय. विषय किरकोळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात आपल्याच पोरांच्या छातीचा प्रश्न आहे.

सध्या आपल्याकडं जुन्या गाड्या परत बाहेर निघायला लागल्यात. गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड वीस-वीस वर्षं पडलेली आजोबांची राजदूत नातू ओढून काढतो, पाण्यानं धुतो आणि गॅरेजवर नेऊन उभी करतो. "काका, खर्च होऊ द्या, पण गाडी पहिल्यासारखी झाली पाहिजे."

परवा अंकुशनगरला अशीच एक राजदूत उघडलेली बघितली. मिस्त्रींनी हेड उतरवलं होतं. हेडला आणि सायलेन्सरच्या तोंडाला जुनं पॅकिंग चिकटून दगड झालेलं. हाताखालचा पोरगा, असेल सतरा-अठरा वर्षांचा, तुटक्या हॅक्सॉ ब्लेडनं ते खरवडत होता. दर दोन मिनिटांनी तोंड जवळ नेऊन फुंकर मारायचा. करडी भुकटी उडायची, थोडी त्याच्या नाकात, थोडी माझ्या.

मी म्हणालो, "मिस्त्री, पोराला फुंकू देऊ नका हो."

ते हसले. "भाऊ, तीस वर्षं आम्ही हेच खाल्लंय."

त्या वाक्यावरून हा इतिहास लिहायला बसलोय.

पुस्तकात गॅस्केट म्हणतात, आपल्याकडं पॅकिंग. लोखंडाचे दोन भाग कितीही घासून बसवले तरी मध्ये बारीक फट राहतेच. ती बुजवायला मधी मऊ काहीतरी लागतं. वाफेच्या इंजिनांच्या काळात त्यासाठी ताग, चामडं, रबर वापरायचे. वाफ जास्त तापायला लागली तसं ते जळायला लागलं. मग १९ व्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या रिचर्ड क्लिंगरनं ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि रबर दाबून एक शीट बनवली. तिचं नाव क्लिंगराइट. ती जगभर गेली. वाफेवर चालणारा कोणताही जुना कारखाना घ्या, पाइपाच्या जोडात ही शीट आणि पाइपावर ॲस्बेस्टॉसचं जाडजूड वेष्टण असायचंच. मोटारी आल्या तशी तीच गोष्ट इंजिनात शिरली. हेडचं पॅकिंग, सायलेन्सरचं पॅकिंग, क्लचप्लेट, ब्रेकलायनर. जिथं ताप, तिथं ॲस्बेस्टॉस. स्वस्त, टिकाऊ, जळत नाही. नाव ठेवायला जागा नव्हती.

आता आपल्या भागाकडं या. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, आणि १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. डाव्या कालव्याचं पाणी अंबड, घनसावंगीच्या रानात आलं. पाण्यामागं ऊस आला, उसामागं समर्थ कारखाना उभा राहिला, आणि कारखान्याभोवती अंकुशनगर. अंकुशराव टोपेंचं नाव आधी गावाला लागलं, आता कारखान्यालाही लागलंय. उसाचं बिल हातात पडायला लागलं तसा सायकलवरचा माणूस मोटारसायकलचा विचार करायला लागला.

त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. खेड्यात चालली ती राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून साठच्या दशकात ती भारतात आणली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, रचना एकदम साधी, आणि दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवले तरी कुरकुर नाही. पाना, पेचकस आणि हातोडी एवढ्यावर इंजिन खोलता यायचं. जावा, येझदी होत्या, पण दूधवाला, ग्रामसेवक आणि मास्तर यांची गाडी म्हणजे राजदूत.

टू-स्ट्रोकमध्ये पॅकिंगला फार किंमत. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खालच्या चेंबरमध्ये येतं, तिथं दाबलं जातं आणि मग वर जातं. चेंबरचं किंवा ब्लॉकखालचं पॅकिंग फाटलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि भर रस्त्यात पिस्टन जाम. ब्लॉकखालचं पॅकिंग जाड टाकलं तर ब्लॉक वर उचलला जातो, कॉम्प्रेशन कमी होतं, गाडी ओढत नाही. म्हणून जुना मिस्त्री आधी जुन्या पॅकिंगची जाडी बघतो, मगच नवं कापतो. कागद चेंबरच्या तोंडावर ठेवायचा, गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं, कड आपोआप कापली जाते. तांब्याचं पॅकिंग असेल तर लालभडक तापवून पाण्यात टाकायचं, मऊ होतं, परत वापरता येतं. हेडचे नट एका बाजूनं कधीच आवळायचे नाहीत, तिरपे-तिरपे आवळायचे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात वाचून आलेलं नाही. वस्तादाच्या हाताखाली बसून, शिव्या खाऊन आलेलं आहे.

१९८५ ला दोन गोष्टी घडल्या. औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि बाजारात हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टू-स्ट्रोकचा धूर मागं पडला. पण गाड्या वाढल्या तशी गॅरेजंही वाढली. दहावी नापास झालेल्या पोराला घरचे म्हणायचे, "जा, गॅरेजवर बस, काहीतरी शिकशील." ती पोरं आज पन्नाशीत आहेत.

आणि इथंच गोष्ट गंभीर होते. ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो. श्वासातून एकदा फुप्फुसात गेला की तिथंच रुतून बसतो. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कॅन्सर होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सगळ्या प्रकारचा ॲस्बेस्टॉस कॅन्सरकारक आहे. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे.

आपल्याकडं काय झालं? चाईबासाजवळची रोरोची खाण १९८३ ला बंद झाली. १९८६ पासून केंद्रानं खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं. पण बाहेरून आणणं थांबलं नाही. आजही माल येतो, मोठा वाटा रशियाचा. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं महत्त्वाचा निकाल दिला. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा, आणि आजार सिद्ध झालेल्यांना १ लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश होता. आजार उशिरा दिसतो हे कोर्टानं ओळखलं होतं.

पण नोंद ठेवायची तर रजिस्टर लागतं, रजिस्टरला कारखाना लागतो. चौकातलं दोन मिस्त्री आणि एक पोरगा असलेलं गॅरेज कायद्याच्या लेखी कारखाना नाही. तिथं हजेरीपट नाही, ईएसआय नाही, एक्स-रे नाही. मिस्त्रीला दम लागायला लागला की घरचे म्हणतात बिडीनं झालं, डॉक्टर विचारतात टीबी होता का. पॅकिंग खरवडायचा का, हे कुणीच विचारत नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये. हौसेनं आयुष्यात एक गाडी खोलणाऱ्याला धोका थोडा आहे. रोज तेच काम तीस वर्षं करणाऱ्याचा हिशोब वेगळा. प्रत्येक पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतोच असंही नाही, खालचं पॅकिंग बहुतेक वेळा साध्या ऑइल पेपरचं असतं. पण नुसतं बघून ओळखता येत नाही. त्यामुळं जुनं पॅकिंग म्हणजे ॲस्बेस्टॉसचंच, असं धरून चाला.

करायचं काय? सोपं आहे. खरवडण्याआधी पाणी किंवा ऑइल मारून पॅकिंग पूर्ण भिजवा. सुकं खरवडू नका, त्यावर ग्राइंडर लावू नका. तोंडानं फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. पी-१०० दर्जाचा मास्क घाला, नुसत्या रुमालानं भागत नाही. ब्रेकलायनर आणि क्लचप्लेटच्या धुळीलाही हेच लागू. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, ती धूळ बायका-पोरांपर्यंत जाते. नवा पॅकिंग सेट घेताना ॲस्बेस्टॉस नसलेलाच मागा, आता मिळतो.

आणि दोन मागण्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे शिकवा. आणि आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या पुढाऱ्यांनो, मोतीबिंदू-मधुमेहाबरोबर एक दिवस गॅरेजवाल्यांच्या छातीच्या तपासणीसाठी ठेवा. मतं त्यांनाही आहेत.

त्या दिवशी निघताना मी पोराला पाण्याची बाटली दिली. म्हणालो, "आधी भिजव, मग खरवड." त्यानं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "भिजव रे. भाऊ सांगतेत तर भिजव."

राजदूत पुढच्या आठवड्यात चालू होईल. आपल्या ओळखीच्या प्रत्येक मिस्त्रीला हे वाचून दाखवा. वाचायला त्यांना वेळ नसतो, पण हात चालू असताना ऐकता येतं.