तळटीप : फ्रँकोफोबिया

फ्रँकोफोबिया : फ्रान्स, फ्रेंच लोक किंवा फ्रेंच संस्कृती यांविषयीचा द्वेष, तो बाळगणारा ‘फ्रँकोफोब’. हा इंग्रजी जोडशब्द एकोणिसाव्या शतकातला असला, तरी त्याचे दोन्ही घटक बरेच जुने आहेत. ‘फ्रँको’ हे पूर्वपद उत्तरकालीन लॅटिनमधील ‘फ्रँकुस’वरून आले. फ्रँक हे ऱ्हाइन नदीकाठचे जर्मानिक लोक. पाचव्या शतकाच्या अखेरीस क्लोव्हिस राजाच्या नेतृत्वाखाली त्यांनी गॉलचा मोठा भाग जिंकला आणि पुढे देशाला त्यांचेच नाव पडले. भाल्याच्या एका जुन्या जर्मानिक नावाशी या नावाचा संबंध असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तरपद ग्रीक ‘फोबोस’पासूनचे. होमरच्या काव्यात त्याचा अर्थ रणांगणातून घाबरून काढलेला पळ असा आहे. नंतर तो ‘भीती’ असा रूढ झाला. लोकसमूहाच्या नावाला जोडल्यावर मात्र इंग्रजीत त्यात भीतीपेक्षा तिरस्कारच अधिक असतो. ‘गॅलोफोबिया’ हा समानार्थी शब्द ‘गॅलिया’ या रोमन प्रदेशनामावरून बनला. ‘फ्रँकोफोब’चा विरुद्धार्थी शब्द ‘फ्रँकोफिल’. ‘फ्रँकोफोन’ म्हणजे केवळ फ्रेंचभाषक. त्याची येथे गल्लत करू नये. मराठीतील ‘फिरंगी’ हा शब्दही फ्रँक या नावापासूनच अरबी-फारसीमार्गे आला. महाराष्ट्रात तो मुख्यतः पोर्तुगिजांना लावला गेला आणि युरोपीय धाटणीच्या सरळ पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणू लागले.