मॉन्ते कासीनो : शांतीच्या दारातील रणांगण

रणभूमी पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा जेत्यांची कीर्ती ऐकून परततो. इटलीतील मॉन्ते कासीनोच्या डोंगराने आम्हांला इतका सोपा इतिहास हाती लागू दिला नाही. रोमच्या आग्नेयेस सुमारे 130 किलोमीटरवरील या डोंगरावर इ.स. 529 च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी मठ स्थापिला. प्रार्थना व श्रम यांची सांगड घालणारी त्यांची नियमावली पुढे पश्चिम युरोपातील मठजीवनाचा पाया ठरली. सहाव्या शतकात लोंबार्डांनी, 883 मध्ये सारासेनांनी आणि 1349 मध्ये भूकंपाने हा मठ उद्ध्वस्त केला. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. चौथा विध्वंस घडला तो ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धात.

कासीनो गावातीलच एक गृहस्थ आमचे वाटाडे होते. त्यांनी आम्हांला प्रथम मठात नेले नाही. पायथ्याशी उभे करून लीरी नदीची दरी दाखविली. ही दरी म्हणजे रोमची वाट आणि डोंगर म्हणजे त्या वाटेवरचा पहारेकरी. त्यासाठीच 17 जानेवारी ते 18 मे 1944 या काळात येथे चार लढाया झाल्या. त्यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजन याच उतारांवर झुंजली.

जर्मन सैन्य मठातून टेहळणी करीत असावे, असा दोस्तांच्या सेनानींना संशय होता. 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोनशेहून अधिक विमानांनी मठावर बॉम्बवर्षाव केला. आत वयोवृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे, मोजके संन्यासी आणि आश्रयास आलेली शेकडो माणसे होती. जर्मन सैनिक मठाच्या इमारतीत नव्हते. मेले ते निर्वासित. पुढे त्याच ढिगाऱ्याचा जर्मनांनी किल्ला केला. मठातील अमोल ग्रंथ व दस्तऐवज मात्र 1943 मध्येच हलविले गेल्यामुळे वाचले. त्यासाठी पुढाकार घेणारे श्लेगेल आणि बेकर हे दोघेही जर्मन सैन्यातील अधिकारी होते.

हा बॉम्बवर्षाव अक्षम्य होता काय, असे आम्ही विचारले. वाटाडे क्षणभर थांबून म्हणाले, “खाली चिखलात पडलेल्या शिपायाला वरची खिडकी दिसत होती, खिडकीत कोण आहे, ते दिसत नव्हते.” या उत्तराने कृत्याचे समर्थन होत नाही, परंतु न्यायनिवाडा करणाऱ्याची घाई मात्र कमी होते.

अखेर 18 मे रोजी पोलिश सैनिक त्या भग्नावशेषांत पोहोचले. आज पोलिश दफनभूमीत हजाराहून अधिक, कायरा येथील जर्मन दफनभूमीत वीस हजारांहून अधिक आणि पायथ्याशी राष्ट्रकुलाच्या दफनभूमीत चार हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत. राष्ट्रकुलाच्या दफनभूमीतच, इटलीच्या मोहिमेत पडलेल्या पण ज्यांची कबर ठाऊक नाही अशांचे स्मारक आहे. आम्ही महाराष्ट्रातले हे कळताच वाटाड्यांनी आम्हांला तेथे नेले. त्या नावांत नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा मराठा पलटणीतील जवान 10 जुलै 1944 रोजी, येथून दूर, टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडला. सोबती कोसळल्यावर त्याने एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. मरणोत्तर त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र सापडला नाही.

पुन्हा बांधलेल्या मठगिरिजेचा अभिषेक पोप सहावे पॉल यांनी 24 ऑक्टोबर 1964 रोजी केला. त्याच दिवशी त्यांनी संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते घोषित केले. मठाच्या दारावर ‘शांती’ हा एकच लॅटिन शब्द कोरलेला आहे. त्या दारातून पाहता सगळ्या दफनभूमी एकाच दरीच्या कुशीत आहेत, हे ध्यानी येते.

नोव्हेंबरात आपण आपल्या घरच्या मृतांची नावे वेदीपाशी देतो. ख्रिस्तयागातील प्रार्थना मात्र देवाच्या दयेत विसावलेल्या सर्वांनाच कवेत घेते. माणगावचा यशवंत, तो नावाचा जर्मन शिपाई आणि मठात गाडली गेलेली निनावी माता यांना त्या प्रार्थनेतून आपण वगळू शकत नाही. यंदा त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती लावावी.