अजिंठ्याचा उजेड आणि औंधचे चित्रकार राजे

औंध संस्थान एकसलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते. आमच्या कुंडलचे नाव निघाले की प्रतिसरकार आठवते, क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड आठवतात. ते योग्यच आहे. मात्र ज्या संस्थानच्या हद्दीत भूमिगतांना आसरा मिळाला, त्याचा राजा हाडाचा चित्रकार होता, ही गोष्ट गावात क्वचितच बोलली जाते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या त्यांच्याच माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला. 1916 मध्ये राजांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले आणि 1932 मध्ये त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांवर इंग्रजी पुस्तिका काढली. अजिंठ्याकडे मी वळलो तो या पुस्तिकेमुळे. त्या काळात लेण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला नेमके काय दिसत असेल, हा माझा प्रश्न होता.

अजिंठ्याचे विहार डोंगराच्या पोटात खोदलेले आहेत. उजेड येतो तो फक्त दर्शनी बाजूने. पहिल्या लेण्याच्या वीस खांबांच्या मंडपात आतल्या भिंतीपर्यंत पोचताना तो फारच मंदावतो, आणि पद्मपाणी आहे तो नेमका त्या आतल्या भिंतीवर. चित्रे काढली आहेत ती कोरड्या गिलाव्यावर. खाली भुसा-तूस मिसळलेल्या मातीचा थर, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर खनिज रंग. असा गिलावा ओल आणि धूर यांच्यापुढे टिकाव धरत नाही.

1819 साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने लेणी पाहिली, आणि त्यानंतर इथे आलेल्या प्रत्येकाला चित्रे अधिक स्पष्ट दिसायला हवी होती. रॉबर्ट गिलने 1844 पासून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम करीत राहिले. त्यांच्याही अनेक नकला 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. नकलेसाठी रंग उठून दिसावेत म्हणून या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश चढले. फिकट पृष्ठभाग ओला केला की रंग गडद दिसतात. व्हार्निशचा परिणाम तोच, फक्त तो वाळून जात नाही. काही वर्षांनी ते पिवळे पडते आणि धूळ धरून ठेवते.

लेणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला. आज जे शिल्लक आहे त्यातला मोठा भाग त्यांच्यामुळे वाचला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांनी वर लाखेचा थर दिला आणि तोही पुढे तांबूस झाला. औंधकरांची पुस्तिका निघाली तेव्हा या दुरुस्तीला दहा वर्षे झाली होती. चित्र वाचवणारा हात आणि चित्र झाकणारा हात एकच होता.

इथून पुढचा इतिहास उजेडाचा आहे. चकचकीत थरावर प्रखर दिवा टाकला की प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो आणि रंग हरवतो. उजेड मंद ठेवावा, तर मानवी डोळ्याला अंधुक प्रकाशात रंग ओळखता येत नाहीत. या कात्रीतून वाट काढली ती छायाचित्रकार आणि कला-इतिहासकार बिनॉय बहल यांनी. 1991 मध्ये त्यांनी प्रखर दिवे टाळून अगदी मंद प्रकाशात, फिल्म बराच वेळ उघडी ठेवून, ही चित्रे टिपली. डोळा उजेड साठवू शकत नाही, फिल्म साठवते. त्यामुळे लेण्यात उभे राहून न दिसणारे निळे-हिरवे रंग, दागिन्यांची नक्षी, चेहऱ्यांवरची छटा छायाचित्रांत उमटली. 1998 मध्ये त्यांचे पुस्तक आले. तिकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायन शाखेने जुने थर आणि काजळी हळूहळू उतरवण्याचे काम चालवले. एकाने चित्राला हात न लावता ते दाखवले, दुसऱ्याने हात लावून मोकळे केले.

लेण्यांतले वाटाडे ही विद्या आपल्या परीने जाणतात. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून आणि समोरून दिवा धरला की चेहऱ्यावरचा भाव बदलतो, हे ते हौसेने दाखवतात. दगड तोच असतो, बदलते ती दिव्याची जागा.

चित्र कोणी पाहायचे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नकला लंडनला गेल्या, जाड ग्रंथ ग्रंथालयांत राहिले. बाळासाहेबांनी आपल्या संग्रहासाठी 1938 मध्ये औंधला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडले. चित्रे दिवसाच्या उजेडात दिसावीत, असा विचार त्या इमारतीच्या रचनेत आहे. रविवर्म्याची चित्रे आणि पहाडी लघुचित्रे तिथे देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसाच्या वाटेवर आली. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या मानत नाही. कारभारात वाटा देणाऱ्याने चित्र पाहण्यातही वाटा दिला.

आता मात्र पाहणाऱ्यांची गर्दीच चित्रांना भारी पडते आहे. श्वासातली वाफ आणि अंगाची ऊब बंद लेण्यात साठते, आणि उजेडाने उडालेला रंग कोणत्याही रसायनाने परत येत नाही. म्हणून तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि दिवे मंद आहेत. इतक्या लांबून येऊन नीट दिसत नाही, ही पर्यटकांची तक्रार मला समजते. तरी दिवा मोठा करावा असे मला वाटत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ त्या मंडपात गप्प उभे राहण्याची तयारी आपण ठेवली, तर आपल्यानंतर येणाऱ्यांनाही पद्मपाणी दिसेल.