सूत, गुण्या आणि गणिताचा तास

हातकामातून गणित शिकण्याच्या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्या वाचकाचं स्वागत करवतीनेच करावं हे बरं. सहा फुटी फळीचे चार सारखे तुकडे करा. वहीत उत्तर सोपं आहे, 18 इंच. पण जाड पात्याची करवत प्रत्येक कापात सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड खाते. काप तीन, म्हणून भुसा तीन सुतांचा. प्रत्येक तुकडा पाऊण सुताने कमी भरतो. अपूर्णांक कशाला शिकायचे, असं यानंतर कोणी विचारत नाही.

हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. पुढे शाळांमध्ये ‘कार्यानुभव’ आला खरा, पण बऱ्याच ठिकाणी तो कागदी फुलांवरच थांबला. त्याला खरं वळण दिलं ते डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी गावाला लागणारी कामं करावीत आणि त्या कामांतून विज्ञान-गणित शिकावं, हा त्यांचा आग्रह. तिथला त्रिकोणी सांगाड्यांचा घुमट उभारताना दांड्यांची लांबी चुकली, तर घुमट जुळतच नाही. शिक्षकाला लाल शाई लागत नाही.

या विषयाला जातीचीही एक बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. सुतारकी बलुत्यात बांधली गेली, तिचा हिशेब घरातच राहिला आणि शाळेने त्याला ज्ञान मानलं नाही. असा शाळेबाहेरचा हिशेब किती पक्का असतो, हे ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरच्या, 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. धंद्याच्या ओघात विचारलेल्या हिशेबांपैकी जवळजवळ 98 टक्के बरोबर आले. तसल्याच आकडेमोडी नुसत्या कागदावर दिल्या, तेव्हा सुमारे 37 टक्केच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी धारावीतल्या, घरच्या कामाला हातभार लावणाऱ्या मुलांचं गणितही असंच बारकाईने पाहिलं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या गावात त्यांतला एक दिवस एखाद्या मिस्त्रीला द्यावा, असं मला वाटतं. त्याच्याकडे बी.एड. नसेल, गणिताच्या बाईंनी शेजारी उभं राहावं. पाया आखताना तो एका बाजूला 3 फूट, दुसरीला 4 फूट मोजतो आणि तिरपं माप 5 फूट भरलं की कोपरा गुण्यात आला म्हणतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रातली वेदी आखण्याची दोरीही याच नियमावर चालते. मग मुलांनी त्याला विचारावं, मोठ्या खोलीला तू 6-8-10 का धरतोस? टेप अर्ध्या इंचाने हलला, तर दुप्पट लांबीवर कोनातली चूक निम्मी होते. हे त्याला सवयीने ठाऊक असतं आणि बाईंना प्रमाणाने सिद्ध करता येतं. या क्षेत्रातलं बरंचसं काम अजून या दोघांच्या मधल्या जागेत व्हायचं आहे.