लिनक्स संगणकावर टीव्ही : आधी संकेत पाहा, मग ट्यूनर घ्या

घरातील संगणकालाच दूरचित्रवाणी संच बनविण्याची हौस जुनी आहे. लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीवर त्यासाठी सॉफ्टवेअरचा वेगळा खर्चही येत नाही. मात्र टीव्ही ट्यूनर विकत घेण्यापूर्वी आपल्या घरापर्यंत कोणता संकेत पोहोचतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

जुने कार्ड का चालत नाही?

२०००च्या दशकात ‘बीटी ८७८’ चिपची ट्यूनर कार्डे लोकप्रिय होती. लिनक्स ती आजही ओळखतो. परंतु ती केवळ अ‍ॅनालॉग संकेत घेतात. केबल डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा समावेश होता व त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून केबलसाठी सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. दूरदर्शननेही देशातील बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले. त्यामुळे जुन्या बाजारातील स्वस्त कार्डाला थेट केबल जोडल्यास पडद्यावर मुंग्याच दिसतात. बॉक्सची एव्ही वायर जोडून चित्र मिळविता येते. वाहिनी मात्र बॉक्सच्या रिमोटनेच बदलावी लागते.

छत्रीचा पर्याय

मासिक शुल्क नसलेली ‘डीडी फ्री डिश’ सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहावरून मिळते. तिच्यासाठी ‘डीव्हीबी-एस२’ प्रकारचा ट्यूनर लागतो. नागपुरातून हा उपग्रह आग्नेयेस, उत्तरेपासून सुमारे १४५ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर आहे. गच्चीवर त्या दिशेला झाड वा इमारत आड येऊ नये.

जोडणी अशी करावी

१. खरेदीपूर्वी ‘लिनक्सटीव्ही’ प्रकल्पाच्या यादीत ट्यूनरचे नेमके मॉडेल तपासावे.

२. संगणक बंद करून कार्ड बसवावे. सुरू केल्यावर ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्यावी. फर्मवेअर नसल्यास हव्या असलेल्या फाइलचे नाव तेथेच दिसते.

३. आपले वापरकर्तानाव ‘व्हिडिओ’ गटात घालावे. अन्यथा ट्यूनर वापरण्याची परवानगी मिळत नाही.

४. ‘कॅफीन’ या प्रणालीत एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’ (९७५० व १०६०० मेगाहर्ट्झ) निवडून वाहिन्यांचा शोध घ्यावा.

ट्यूनर ओळखला जाऊनही संकेत शून्य दिसत असेल, तर लिनक्स पुन्हा टाकण्याच्या भानगडीत पडू नये. प्रथम छत्रीची दिशा व वायरीचे जोड तपासावेत. संकेत भरपूर असूनही एखादीच वाहिनी दिसत नसेल, तर ती बहुधा कूटबद्ध असते. अशा वाहिनीसाठी दुसरे कार्ड घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.